जिवाणूच्या पोटातला डबा

विज्ञानाच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट घेऊन आलोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.

आजची गोष्ट एका डब्याची आहे. डबा किती मोठा? साधारण १०० नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे हजार डबे शेजारी शेजारी बसतील. हा डबा असतो जिवाणूच्या पोटात. त्याच्या भिंती प्रथिनांच्या, आकार जवळपास फुटबॉलसारखा पण कडा असलेला, आणि आत कोंबून भरलेली विकरं, म्हणजे एन्झाइम्स. आज जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये लोक हा डबा रिकामा करून त्यात आपल्याला हवी ती विकरं भरतायत आणि त्याचा छोटासा रिअ‍ॅक्टर करू बघतायत. कुणाला त्यातून इंधन हवंय, कुणाला हायड्रोजन, तर कुणाला भाताचं नि गव्हाचं पीक वाढवायचंय.

पण हे सगळं सुरू झालं ते एका साध्या प्रश्नापासून: हा डबा आहे तरी कशाला? त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला तीसेक वर्षं लागली. आणि त्या उत्तरावरच आजचे प्रयोग जिंकतात किंवा हरतात. म्हणून इतिहास बघायचा.

एका खोलीचं घर

शाळेत आपण काय शिकलो? आपल्या पेशीला केंद्रक असतं, मायटोकाँड्रिया असतात, म्हणजे वेगवेगळ्या कामांना वेगवेगळ्या खोल्या असतात. आणि जिवाणू? तो बिचारा चाळीतल्या एका खोलीत राहणारा. स्वयंपाक, झोपणं, पाहुणे, सगळं तिथेच. अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच होतं, आणि ढोबळमानाने ते बरोबरही आहे.

१९५६ साली जर्मनीत ड्रेव्स आणि निकलोवित्झ हे दोन शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सायनोबॅक्टेरिया बघत होते. सायनोबॅक्टेरिया म्हणजे ज्यांना आपण निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते. नाव शेवाळ, पण प्रत्यक्षात जिवाणू. त्यांना पेशीच्या आत काही गडद, कोनदार ठिपके दिसले. गोल नाहीत, वेडेवाकडे नाहीत, तर चक्क बाजू आणि कोपरे असलेले. त्यांना ‘पॉलिहेड्रल बॉडीज’, म्हणजे बहुफलकी पिंड, असं सरळसोट नाव पडलं.

आता गंमत बघा. त्या काळात असा आकार दिसला की संशयित एकच: विषाणू. अनेक विषाणूंचं कवच असंच असतं, वीस त्रिकोणी बाजू आणि बारा कोपरे. त्यामुळे या पेशींना विषाणूची लागण झालीय की काय, अशी शंका येणं साहजिक होतं. पण पेशी तर मजेत वाढत होत्या! आणि ठिपके एकाच पेशीत नाही, पिढ्यान्‌पिढ्या दिसत होते. आजार म्हणावा तर आजारी कुणीच नाही.

१९७३: डबा उघडला

सतरा वर्षं हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. मग अमेरिकेतल्या जेसप शिवली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. नुसतं मायक्रोस्कोपखाली बघत बसण्यापेक्षा ते ठिपके पेशीतून बाहेर काढायचे आणि आत काय आहे ते तपासायचं. त्यासाठी त्यांनी घेतला गंधकाच्या संयुगांवर जगणारा एक जिवाणू, तेव्हाचं नाव थायोबॅसिलस निआपोलिटॅनस, आजचं हॅलोथायोबॅसिलस. हा उजेडावर जगत नाही, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून त्याची साखर करतो. आणि त्याच्याही पोटात तेच ठिपके होते.

पेशी फोडल्या, ठिपके वेगळे केले, तपासले. आत निघालं रुबिस्को.

रुबिस्को म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरणारं विकर. तुम्ही सकाळी खाल्लेल्या पोह्यांतला जवळजवळ प्रत्येक कार्बनचा अणू कधीतरी रुबिस्कोच्या हातातून गेलेला आहे. म्हणजे तो ठिपका आजार नव्हता, तर पेशीच्या चुलीजवळची जागा होती. शिवली यांच्या गटाने १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापलं आणि ठिपक्याला नाव दिलं: कार्बॉक्सिसोम.

पण नाव मिळालं म्हणजे काम कळलं असं नाही. पुढची कित्येक वर्षं वाद चालला. एका बाजूचं म्हणणं, ही कोठी आहे. जसं आपण धान्य कणगीत भरून ठेवतो तसं जिवाणू जास्तीचं रुबिस्को इथे साठवतो, लागेल तेव्हा बाहेर काढतो. दुसरी बाजू म्हणत होती, नाही, हा कारखाना आहे, काम इथेच चालतं. कोठी की कारखाना? दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे पुरावे होते.

रुबिस्कोचा स्वभाव

हा वाद का महत्त्वाचा, ते कळायला रुबिस्कोचा स्वभाव माहीत हवा. मंडळी, एवढं महत्त्वाचं विकर, पण कामाला अतिशय मंद. वनस्पतींमधलं रुबिस्को सेकंदाला जेमतेम तीनेक रेणू हातावेगळे करतं. तुलनेसाठी सांगतो, आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर असतं, ते सेकंदाला दहा लाखांच्या घरात काम उरकतं.

मंद आहे ते आहे, वर गोंधळतंही. कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन उचलतं. आणि हवेत ऑक्सिजन किती? २१ टक्के. कार्बन डायऑक्साइड? ०.०४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाजारात हवी ती भाजी विकणारा एक, आणि नको ती गळ्यात मारणारे पाचशे. ऑक्सिजन उचलला की जे बनतं ते निस्तरायला झाडाला आणखी ऊर्जा आणि आधीच धरलेला कार्बन खर्च करावा लागतो. गहू, भात, सोयाबीन, हरभरा, कापूस अशा पिकांमध्ये धरलेल्या कार्बनचा साधारण पाव हिस्सा या गोंधळात जातो, आणि ऊन वाढलं की नुकसान वाढतं.

आपल्याकडचा ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांनी मात्र यावर तोड काढली आहे. त्यांच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक कार्बन गोळा करते आणि दुसरीकडे पोचवते, आणि रुबिस्को त्या दुसऱ्या पेशीत बसून काम करतं. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की ऑक्सिजनला संधीच मिळत नाही. म्हणून तर ऊस असा सटासट वाढतो.

आता जिवाणूकडे दोन पेशी नाहीत, एकच आहे. त्याने काय करावं? १९८० च्या सुमारास आरन कॅप्लान, मरे बॅजर आणि जो बेरी यांनी दाखवलं की सायनोबॅक्टेरिया पाण्यातला विरघळलेला कार्बन पंपाने आत ओढतात आणि पेशीत बाहेरच्यापेक्षा शेकडो पट साठवतात. पण साठवतात कुठल्या रूपात? बायकार्बोनेटच्या. आपल्या खाण्याच्या सोड्यात असतं ना, तेच. बायकार्बोनेटवर विद्युतभार असतो, त्यामुळे ते पेशीच्या पटलातून सहज निसटत नाही. पंप करून आत आणलं की टिकतं. अडचण एवढीच की रुबिस्कोला बायकार्बोनेट चालत नाही, कार्बन डायऑक्साइडच लागतो.

मग इथे डब्याचा तर्क बसू लागला. समजा, बायकार्बोनेटचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करणारं कार्बोनिक अनहायड्रेज फक्त डब्यात असेल, बाहेर कुठेच नसेल. बायकार्बोनेट डब्यात शिरेल, तिथे त्याचा वायू होईल, आणि शेजारीच रुबिस्को बसलेलं असेल. डब्याची भिंत वायूला लगेच पळू देणार नाही. रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची गर्दी, ऑक्सिजनची हकालपट्टी. उसाने दोन पेशींत जे केलं, ते जिवाणूने एका डब्यात केलं! जेरुसलेमच्या लिओनोरा राइनहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणितही मांडलं.

तर्क सुंदर होता, पण तो खरा आहे हे दाखवायचं कसं?

कॅनबेरा, १९८९

इथे येतो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात देखणा प्रयोग. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत डीन प्राइस आणि मरे बॅजर यांनी उलटा विचार केला. तर्क असा असेल की कार्बोनिक अनहायड्रेज डब्याबाहेर असता कामा नये, तर आपण मुद्दाम ते बाहेर ठेवून बघू. काय बिघडतं ते पाहू.

त्यांनी माणसाचं जनुक घेतलं, माणसाच्या कार्बोनिक अनहायड्रेजचं, आणि ते सायनोबॅक्टेरियात घातलं. विकर बनू लागलं, पण डब्यात नाही, पेशीच्या मोकळ्या रसात. डब्याला हातही लावला नाही. रुबिस्को जागच्या जागी, पंप जागच्या जागी.

काय झालं? पेशी साध्या हवेत जगेनात. त्यांना भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली तरच वाढायच्या. कारण पंपाने मेहनतीने आत आणलेलं बायकार्बोनेट आता डब्यात पोचण्याआधीच वाटेत वायू होत होतं, आणि वायू पटलातून सरळ बाहेर. भोकाच्या हंड्यात पाणी भरल्यासारखं. विशेष म्हणजे या विकराला रोखणारं औषध दिलं की पेशी पुन्हा बऱ्याच अंशी सावरायच्या.

एका प्रयोगात तीन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, डबा हा कारखाना आहे, कोठी नाही. दोन, काय आत आहे याइतकंच काय बाहेर नाही हेही महत्त्वाचं आहे. आणि तीन, हा डबा एकटा काम करत नाही. पंप, रस, डबा, सगळी मिळून एक यंत्रणा आहे. हा तिसरा मुद्दा लक्षात ठेवा मंडळी, तो पुढे परत येणार आहे.

साल्मोनेलात हा डबा कशाला?

आता गोष्ट एकदम दुसरीकडे जाते. अमेरिकेत युटा विद्यापीठात जॉन रॉथ यांची प्रयोगशाळा साल्मोनेलावर काम करत होती. साल्मोनेला म्हणजे अन्नातून विषबाधा करणारा, आणि ज्याच्या एका प्रकारामुळे टायफॉइड होतो तो जिवाणू. रॉथ यांना कुतूहल होतं बी-१२ जीवनसत्त्वाचं. १९८४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं होतं की साल्मोनेला बी-१२ स्वतः बनवतो, पण फक्त ऑक्सिजन नसताना. इतकी खटपट करून बनवलेलं हे जीवनसत्त्व तो वापरतो कशाला? तर प्रोपेनडायॉल नावाचा पदार्थ खायला. आपल्या आतड्यातल्या काही साखरा जिवाणूंनी आंबवल्या की हा पदार्थ तयार होतो.

१९९४ मध्ये रॉथ यांच्याच गटाने प्रोपेनडायॉल पचवणाऱ्या जनुकांची अक्षरं वाचली. आणि त्यात एक जनुक निघालं जे हुबेहूब कार्बॉक्सिसोमच्या भिंतीच्या जनुकासारखं होतं.

हे कसं शक्य आहे? साल्मोनेला काही हवेतला कार्बन धरत नाही. त्याच्याकडे रुबिस्कोच नाही. गाडी नसलेल्या माणसाच्या घरी गॅरेज सापडावं तसं झालं!

१९९९ मध्ये थॉमस बोबिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोपेनडायॉलवर वाढवलेल्या साल्मोनेलाच्या पोटातही तसेच कोनदार डबे दिसतात. इथे डब्याचं काम मात्र वेगळं. प्रोपेनडायॉल पचताना मधल्या पायरीवर प्रोपिओनाल्डिहाइड तयार होतं. आल्डिहाइड म्हटलं की फॉर्मालिन आठवा, ज्यात प्रयोगशाळेत बेडूक ठेवतात. प्रथिनांना आणि डीएनएला चिकटणारा हा विषारी प्रकार. तो डब्यातच तयार होतो, डब्यातच पुढच्या विकराच्या हातात जातो. २००८ मध्ये बोबिक यांच्या गटाने डब्याची भिंत बिघडवलेले जिवाणू तपासले, तर त्यांच्यात हे विष साचत होतं, वाढ अडखळत होती आणि डीएनएत बिघाड वाढत होते.

म्हणजे बघा, कार्बॉक्सिसोममध्ये भिंत चांगली गोष्ट आत धरून ठेवते, आणि साल्मोनेलात वाईट गोष्ट बाहेर सुटू देत नाही. भिंत तीच, घराणं तेच, काम दोन.

याला आपल्या तब्येतीशी संबंधित एक शेपूटही आहे. बी-१२ ऑक्सिजनशिवाय बनतं, पण प्रोपेनडायॉलवर ऑक्सिजनशिवाय नीट वाढता येत नाही, हे कोडं बरीच वर्षं होतं. पुढे कळलं की टेट्राथायोनेट नावाचं गंधकाचं संयुग मिळालं तर साल्मोनेला ऑक्सिजनऐवजी ते वापरून ‘श्वास’ घेतो. आणि २०१० मध्ये लक्षात आलं की आतड्याला सूज आली की आपलंच शरीर ते टेट्राथायोनेट तयार करतं. म्हणजे साल्मोनेला आधी सूज आणतो, मग त्या सुजेतून मिळालेल्या गोष्टीवर आतड्यातल्या इतर जिवाणूंना मागे टाकतो. इतरांना नको असलेलं प्रोपेनडायॉलसारखं अन्न खाऊ शकणं ही त्याची आणखी एक शिदोरी. त्या शिदोरीचा डबा तो हाच.

विटा दिसल्या

डबा काय करतो ते कळलं. पण भिंत कशी आहे? वायू अडवते म्हणता, मग बायकार्बोनेट आत जातंच कसं?

२००५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शेरिल कर्फेल्ड, टॉड येट्स आणि सहकाऱ्यांनी भिंतीतल्या प्रथिनांचे स्फटिक करून क्ष-किरणांनी त्यांची रचना काढली. सहा प्रथिनं मिळून एक षटकोन. असे षटकोन कडेला कडा लावून बसले की फरशी तयार होते, मधमाशीच्या पोळ्यासारखी किंवा जुन्या वाड्यातल्या षटकोनी लाद्यांसारखी. आणि प्रत्येक लादीच्या बरोबर मध्ये एक बारीक छिद्र, नॅनोमीटरपेक्षाही लहान. छिद्राच्या कडेला धनभार, त्यामुळे ऋणभारित बायकार्बोनेटला ते वाट देऊ शकतं.

पण नुसत्या षटकोनांची फरशी सपाट राहते, तिचा डबा होत नाही. फुटबॉल आठवा. पांढऱ्या षटकोनांमध्ये बारा काळे पंचकोन असतात, म्हणून तो गोल वळतो. भूमितीचा नियमच आहे, बारा पंचकोन हवेतच. २००८ मध्ये याच मंडळींनी कार्बॉक्सिसोमचे पंचकोनही शोधले. कोपऱ्यांचं कोडं सुटलं.

आणि विषाणूचं काय? आकार सारखा, पण वीट वेगळी. या प्रथिनांची घडी विषाणूंच्या कवचातल्या प्रथिनांसारखी नाही. १९५६ ची शंका अखेर पूर्णपणे मिटली.

नंतरच्या काळात जिवाणूंचे जीनोम भराभर वाचले गेले तसे हे डबे सगळीकडे सापडू लागले. २०२१ मध्ये कर्फेल्ड यांच्या गटाने केलेल्या मोजणीत साठाहून जास्त प्रकार आणि जिवाणूंच्या चाळीसहून जास्त संघांमध्ये त्यांचा वावर आढळला. एका खोलीचं घर म्हणत होतो आपण!

माल बदलूया

आता अभियंत्यांना राहवेना. केमिकल कंपनीत रिअ‍ॅक्टर कशाला लागतो? कच्चा माल एका जागी दाटावा, घातक वाफ बाहेर जाऊ नये, आणि एका पायरीचा माल वाया न जाता थेट दुसऱ्या पायरीला मिळावा. हे तिन्ही गुण या डब्यात तयार होते. तेही एखाद्या पेशीला आपणहून बांधता येणाऱ्या डब्यात.

यासाठी तीन गोष्टी जमायला हव्या होत्या. डबा दुसऱ्या जिवाणूत बांधता येणं, तो रिकामा बांधता येणं, आणि त्यात आपला माल भरता येणं.

पहिल्या दोन गोष्टी इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात मार्टिन वॉरन यांच्या गटाने करून दाखवल्या. २००८ मध्ये त्यांनी सिट्रोबॅक्टर या जिवाणूतली प्रोपेनडायॉल-डब्याची जनुकं ई. कोलायमध्ये हलवली, आणि ई. कोलाय डबे बांधू लागला. २०१० मध्ये त्यांनी फक्त भिंतीची जनुकं दिली, तर रिकामे डबे तयार झाले. त्याच वर्षी बोबिक आणि येट्स यांच्या गटांनी तिसरी गोष्ट सोडवली. डब्यात जाणाऱ्या एका विकराच्या सुरुवातीला फक्त १८ अमिनो आम्लांचा तुकडा असतो, तोच पत्त्याचं काम करतो. हा तुकडा भलत्याच प्रथिनाला जोडला तर तेही डब्यात जाऊन बसतं. पाकिटावर पत्ता लिहिला की टपाल पोचतं, तसंच.

छिद्रांचीही तपासणी झाली. २०१५ मध्ये बोबिक आणि येट्स यांच्यासोबत काम करणाऱ्या चिरंजित चौधरी, शर्मिष्ठा सिन्हा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लादीच्या छिद्रातली अमिनो आम्लं बदलली की डब्यात कोण शिरू शकतं तेही बदलतं. म्हणजे दाराची जाळी आपल्याला बदलता येते. सिन्हा यांनी पुढे मोहालीच्या नॅनो विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत याच डब्यांवर काम चालू ठेवलं.

मग प्रत्यक्ष रिअ‍ॅक्टर. २०१४ मध्ये केंटच्या गटाने दोन विकरं डब्यात भरून इथेनॉल बनवलं, आणि उत्पादन वाढलेलं दिसलं. २०२० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठात लुनिंग लिऊ यांच्या गटाने कार्बॉक्सिसोमच्या रिकाम्या कवचात हायड्रोजन बनवणारं हायड्रोजनेज भरलं. हे विकर ऑक्सिजनने बिघडतं, पण कवचात त्याला आसरा मिळाला.

पण भिंत लागतेच का?

इथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहिला, आणि तो उभा केला केंटच्याच गटाने. २०१६ मध्ये ते ई. कोलायकडून प्रोपेनडायॉल बनवून घेत होते. या वेळी प्रोपेनडायॉल खायचं नव्हतं, तयार करायचं होतं. विकरांना पत्त्याचे तुकडे जोडले. पण हे तुकडे चिकट असतात. भिंत नसली तरी पत्ता लावलेली विकरं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होत होता. आणि मौज म्हणजे त्या बिनभिंतीच्या गोळ्यानेच उत्पादन छान वाढलं!

मग एवढा डबा बांधायचा खटाटोप कशाला? बरेच जण अशा वेळी निकालाकडे काणाडोळा करतात. यांनी तो स्वतःच छापला, हे मला आवडतं.

उत्तर खरं तर इतिहासातच आहे. विकरं जवळजवळ आणणं हा डब्याचा एक फायदा, पण तो गोळा करूनही मिळतो. डबा कुठे अपरिहार्य ठरतो? जिथे काहीतरी निसटतं किंवा मारतं तिथे. कार्बन डायऑक्साइड निसटतो. आल्डिहाइड मारतं. ऑक्सिजन विकराला मारतो. निसर्गाने डबे नेमके तिथेच वापरले आहेत. तुमच्या अभिक्रियेत यातलं काही नसेल, तर भिंत म्हणजे अडथळाच. कच्चा माल आत जायला वेळ, तयार माल बाहेर यायला वेळ, आणि हजारो लाद्या बनवण्यात पेशीची शक्ती खर्च. स्वयंपाकघरात सगळं झाकून ठेवायचं नसतं. उतू जाणारं आणि उडून जाणारं तेवढं झाकायचं.

तंबाखूच्या पानात

सगळ्यात मोठी पैज मात्र पिकांवर लागली आहे. उसाची युक्ती भातात आणायची तर पानाची सगळी रचना बदलावी लागते. त्यापेक्षा जिवाणूचा डबा हरितलवकात बसवला तर?

प्रयोगासाठी तंबाखू घेतला, कारण त्याच्या हरितलवकातली जनुकं बदलायची पद्धत चांगली बसलेली आहे. २०१४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मॉरीन हॅन्सन यांच्या गटाने इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शास्त्रज्ञांबरोबर तंबाखूचं रुबिस्को काढून सायनोबॅक्टेरियाचं जलद रुबिस्को बसवलं. २०१८ मध्ये कॅनबेरात डीन प्राइस यांच्या गटाने, हो, १९८९ वाले तेच, तंबाखूच्या हरितलवकात साधे कार्बॉक्सिसोम तयार करून दाखवले. २०२३ मध्ये लिव्हरपूलच्या गटाने हॅलोथायोबॅसिलसचे बरेचसे पूर्ण डबे तंबाखूत बांधले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पानात तेच कोनदार ठिपके दिसले, जे १९५६ मध्ये शेवाळात दिसले होते.

पण तिन्ही वेळा झाडं वाढली ती जादा कार्बन डायऑक्साइड दिलेल्या हवेतच. का? आता १९८९ आठवा. डबा एकटा काम करत नाही. तंबाखूच्या हरितलवकात बायकार्बोनेट भरणारे जिवाणूचे पंप नाहीत. आणि त्याच्या रसात स्वतःचं कार्बोनिक अनहायड्रेज भरपूर आहे! म्हणजे प्राइस आणि बॅजर यांनी जे मुद्दाम बिघडवलं होतं, ते झाडात जन्मापासूनच तसं आहे. भोकाचा हंडा.

मग ते विकर काढून टाकावं का? कॉर्नेलच्या गटाने २०२१ मध्ये तंबाखूच्या हरितलवकातून ते काढून बघितलं. प्रकाशसंश्लेषणाला फारसा फरक पडला नाही, पण झाडाची वाढ साध्या हवेत बिघडली. म्हणजे झाडाला ते आणखी कशासाठी तरी हवं आहे. तेव्हा आधी पंप बसवा, मग विकर काढा, मग डबा चालेल. यातली एकही पायरी सोपी नाही.

तरी हे अशक्य नाही, याचा पुरावा आहे. २०२० मध्ये बर्कलीत डेव्हिड सॅव्हेज यांच्या गटाने ई. कोलायमध्ये ही पूर्ण यंत्रणा बसवली: रुबिस्को, डबा, पंप, सगळं मिळून २० जनुकं. नुसती जनुकं टाकून भागलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाढवून, बदल झालेल्यांतून निवड करत जावं लागलं. पण शेवटी ई. कोलाय, जो जन्मात कधी हवेतला कार्बन धरत नाही, तो वाढीसाठी रुबिस्कोवर अवलंबून राहून साध्या हवेत वाढला. ई. कोलायमध्ये जमलं, कारण या वेळी डब्याबरोबर पंपही होता.

तर मंडळी, ठिपका, आजाराचा संशय, कोठी, कारखाना आणि आता रिअ‍ॅक्टर, असा हा सुमारे सत्तर वर्षांचा प्रवास. उद्या कुणी बातमीत म्हणालं की ‘शास्त्रज्ञांनी झाडात जिवाणूचा डबा बसवला, आता पीक दुप्पट’, तर दोन प्रश्न विचारा. पंप बसवले का? आणि झाड साध्या हवेत वाढलं का? या दोन्हींचं उत्तर ‘हो’ येईल तेव्हा ती बातमी खरंच मोठी असेल, कारण तेव्हा ती भाताच्या खाचरापर्यंत आणि हरभऱ्याच्या वावरापर्यंत पोचणारी असेल.

आजचा भाग कसा वाटला ते जरूर कळवा. उसाने आणि ज्वारीने जी युक्ती शोधली, ती माणसाला कशी सापडली, हीही एक भन्नाट गोष्ट आहे. तिची सुरुवात साखरेच्या धंद्याशी जोडलेल्या प्रयोगशाळांत झाली. ती पुढे कधीतरी नक्की सांगेन.